माजी सैनिकांसाठी गोधड्या: कामाची वही

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

हॉलमध्ये सोसायटीचा गणपती बसलेला, त्यामुळे बैठक जिन्यात झाली. सात बायका आणि हिशोबाला बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ठरलं ते असं: पुण्यात राहणाऱ्या माजी सैनिकांसाठी हाताने गोधड्या शिवायच्या, एकही विकायची नाही, १४ जानेवारीपर्यंत पंचवीस द्यायच्या. जनरल करिअप्पा १९५३ साली १४ जानेवारीला निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिक दिन. त्याच दिवशी संक्रांत. थंडीही तेव्हाच.

कल्पना वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीची. ती अमेरिकेत 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर'साठी शिवते. कॅथरीन रॉबर्ट्स नावाच्या बाईंनी मुलगा इराकमध्ये तैनात असताना, २००३ साली, हे काम सुरू केलं. तिथे वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये भरण, खाली अस्तर असे तीन थर असतात. माप साधारण ६० बाय ८० इंच, आणि मागे कुणी शिवली, कुणासाठी शिवली याची पट्टी. मुलीने फोटो पाठवले. सगळ्या जणी हुरळल्या.

माझा धंदा ब्लाउज शिवायचा. मशीन, कात्री आणि कापडाची पारख एवढं माझ्याकडे आहे. गोधडी जन्मात शिवलेली नाही. दुसऱ्या कुणाला असंच काही करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून ही वही ठेवते आहे.

२९ सप्टेंबर

ग्रुपवर 'जुन्या सुती साड्या द्या' असा मेसेज टाकला होता. आठवड्याच्या आत हॉलचा कोपरा भरला. अर्ध्याहून जास्त माल जॉर्जेट, शिफॉन आणि टेरिकॉट. एक पडदा. एका पिशवीत चक्क नेटची मच्छरदाणी. लोकांनी कपाटं रिकामी करून घेतली, दुसरं काय.

हाताला सुती लागलं म्हणून ते सुती असतंच असं नाही. कडेचे चार-पाच धागे ओढून, चिमट्यात धरून पेटवून बघायचे. सुती धागा कागदाच्या वासाने जळतो आणि राख बोटाने चुरली की पूड होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. मिश्र असेल तेही आम्ही बाजूला काढलं. म्हातारी माणसं, त्यातले काही अंथरुणात बसून विडी ओढणारे. वितळून अंगाला चिकटेल असं काही पांघरुणात नको.

मग रंग. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालावर डाग उतरला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी लावायचं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवा, रंग पक्का होतो, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगून गेली. बुडवलं. जायचा तो रंग गेलाच.

कांजी केलेल्या साड्या आधी धुऊन घ्याव्या लागतात. खळ राहिली तर सुई आत जात नाही. आणि याच आठवड्यात पुण्यात धो धो पाऊस. गच्ची बंद, हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या, तरी तीन दिवसांनी काठ ओलेच. दोन साड्यांना कुबट वास लागला तो गेला नाही. हे काम पावसाळ्यात सुरू करू नये, एप्रिल-मेमध्ये कापड धुऊन ठेवावं.

६ ऑक्टोबर

पहिली गोधडी अमेरिकी पद्धतीने केली. रविवार पेठेतून पॉलिस्टरचं भरण आणलं, वर चौकोनी तुकडे जोडले, खाली मांजरपाट, आणि माझ्या मशीनवर आडव्या-उभ्या टिपा मारल्या. फोटोत फार छान दिसते.

आता प्रत्यक्षात. मशीनच्या पायाखाली वरचं कापड पुढे सरकतं आणि खालचं मागे राहतं, त्यामुळे मागच्या बाजूला चुण्याच चुण्या. जिथे चार तुकड्यांच्या शिवणी एकत्र येतात तिथे सोळा नंबरच्या सुया मोडल्या. अठरा नंबर लावल्यावर मोडणं थांबलं, पण मशीनचा टायमिंगच गेला, तो दुरुस्त करायला सातशे रुपये. मांजरपाट न धुता वापरलं होतं, ते पहिल्या धुण्यात आटलं आणि अख्खी गोधडी आक्रसली.

खरी परीक्षा काकांनी दिली. ते एक रात्र ती घेऊन झोपले आणि सकाळी परत घेऊन आले. म्हणाले, अंगाखालून घामाचे ओघळ. ऑक्टोबरचा पुण्यातला उकाडा आणि पॉलिस्टरचं भरण, दोन्ही एका पलंगावर नांदत नाहीत. वर ते सुळसुळीत, कूस वळली की जमिनीवर. उरलेलं भरण तसंच पडून आहे. कुणाला उशा करायच्या असतील तर घेऊन जा.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज चार जणीच. शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी आठवडाभर बसून वरचा थर पूर्ण करून आणला: केशरी, पांढरा, हिरवा, मधोमध निळं चक्र. काम इतकं सुबक की आम्ही टाळ्या वाजवल्या.

मागच्या गल्लीत सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेले सुभेदार साहेब राहतात. कुणाकुणाकडे जायचं हे त्यांनाच विचारत होतो, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी हात मागे बांधून बराच वेळ बघितलं. मग ताईंना म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पण गोधडी पायाशीही येते ना? आणि आमच्यात तिरंगा अंगावर एकदाच घालतात."

कुणी काही बोललं नाही. काकांनी नंतर ध्वजसंहिता काढून वाचली. २००२ च्या संहितेत स्पष्ट आहे की उशी, रुमाल, नॅपकिन अशा वस्तूंवर ध्वज भरायचा किंवा छापायचा नाही, आणि त्याचा आच्छादन म्हणूनही वापर करायचा नाही. मागे १९७१ चा कायदा आहे, अवमानाला शिक्षा आहे. अमेरिकेतल्या गोधड्यांवर तारे आणि पट्टे सर्रास असतात, ती त्यांची रीत. आपल्याकडे ते चालत नाही आणि साहेब म्हणाले त्यानंतर मला ते चालूही नये असं वाटतं.

ताईंनी तिथेच बसून उसवायला घेतलं. कापड वाया गेलं नाही, हिरवं एका गोधडीत, केशरी दुसऱ्या.

याच बैठकीत आणखी एक कापड बाद झालं. एकीने बाजारातून लष्करी ठिपक्यांचं कापड आणलं होतं, 'त्यांना आवडेल' म्हणून. साहेब हसले. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश जानेवारी २०२२ मध्ये आला, त्याच्या डिझाइनचे हक्क लष्कराने नोंदवून घेतलेत, तसं कापड कुणी विकावं किंवा वापरावं अशी परवानगी नाही. जुन्या धाटणीचं असलं तरी, त्यांच्या भाषेत, "फौजेतून सुटून लोक घरी आलेत, पुन्हा वर्दीत झोपवू नका." रेजिमेंटची चिन्हं भरायचा बेतही त्याबरोबर गेला.

२७ ऑक्टोबर

अखेर शिकायला गुरू मिळाली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी भोरकडच्या. आईबरोबर लहानपणापासून गोधड्या शिवलेल्या. मशीनवरची आमची पहिली गोधडी त्यांनी उलटी करून बघितली आणि नुसतं 'हं' म्हणाल्या.

त्यांना पैसे द्यायचे का, यावर अर्धा तास गेला. दोघींचं म्हणणं, ही सेवा आहे, आपण कुठे पैसे घेतोय. मावशी तिथेच होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला घरी बसून पेन्शन येतंय. माझा भाऊपण फौजेतच होता, मला काय कळत नाही व्हय? पण दोन घरच्या पोळ्या सोडून इथं बसायचं तर माझा रोज कोण देणार?" दिवसाला ६०० रुपये ठरले. एक बाई यावर रुसून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मावशींची बाजू बरोबर होती. कसब असलेल्या माणसाला फुकट राबवून दुसऱ्या कुणाचा सन्मान करायचा, हे मला पटत नाही.

मावशींची पद्धत:

जमीन पुसून कोरडी करायची. खालचं मांजरपाट, धुऊन आटवलेलं, पसरून चारही कोपऱ्यांवर वजन. आम्ही वरवंटे आणि विटा ठेवल्या. त्यावर साड्यांचे पदर, म्हणजे थर, एकेक अंथरायचे. प्रत्येक पदर हाताने मधून कडेकडे सारायचा. हाताला किंचित पाणी लावलं की सुरकुती चटकन जाते. फाटका भाग आला तर त्याच्यावर ठिगळ न लावता पुढच्या पदराचा धड भाग तिथे येईल असं सरकवायचं, नाहीतर तेवढीच जागा जाड होते.

मग कच्चे टाके. मधून सुरुवात करून बाहेर, वीतवीत अंतरावर. आम्हाला घाई होती, आम्ही ते हातभर अंतरावर घातले. शिवत मध्ये आलो तोवर मधोमध पोट सुटलेलं. निम्मी गोधडी उसवली. कच्च्या टाक्यांत वेळ वाचवायला जाऊ नका, दुप्पट जातो.

पक्का धावदोरा कडेपासून आत. मशीनचा साधा दोरा तुटतो, जाड सुती दोरा घ्यावा आणि मेणबत्तीवरून ओढून घ्यावा. गाठ बाहेर ठेवायची नाही, हलकासा झटका देऊन पदरांच्या आत ओढून घ्यायची.

आमच्या ओळी वाकड्या जात होत्या. खडूने आखू का, विचारलं. मावशी म्हणाल्या, "वाकडा टाका कुणाला टोचत नाही. लांब टाका पायाच्या नखात अडकतो." म्हणून नियम: ओळ कशीही जाऊ दे, टाका अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

घरी येऊन हिशोब मांडला. दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब गोधडी. बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटरवर ओळी घेतल्या तर शंभर ओळी होतात. सव्वादोनशे मीटर धावदोरा. आमचा हात तासाला पाच मीटर चालतो. म्हणजे एका गोधडीला पंचेचाळीस तास. पंचवीस गोधड्या जानेवारीपर्यंत? काकांना आकडा दाखवला, त्यांनी चष्मा काढला.

ओळींमधलं अंतर तीन बोटं केलं. थर जेमतेम चार असतील तर तेवढ्याने धरून राहतात, मावशींनी ओढून बघून संमती दिली. आता दिवाळी, काम बंद.

१० नोव्हेंबर

मावशींच्या हातची पहिली पूर्ण गोधडी झाली. सात पदरी, घट्ट, काठाला लाल पट्टी. दिघीला राहणाऱ्या एका आजोबांना नेऊन दिली. ते १९६२ च्या लढाईच्या वेळी फौजेत होते, म्हणजे आता ऐंशीच्या पुढे. आजोबांनी उठून नमस्कार केला, आम्ही भारावून परत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन. फार संकोचाने बोलत होती. रात्री बाथरूमला उठायचं तर आजोबांना ती अंगावरून बाजूला सारता येत नाही. दोनदा तिच्यातच पाय अडकला. आणि सासूबाईंना ती धुता येणार नाही.

परत आणून रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली: ३ किलो ६०० ग्रॅम. भिजवून बघितली तर दोघींना मिळून बादलीतून उचलेना. गावाकडे नदीवर चार बायका मिळून गोधडी पिळतात, दिघीच्या दोन खोल्यांत कोण पिळणार? सगळी उसवून तीन पदर काढले.

तेव्हापासून हॉलमध्ये काटा ठेवला आहे. कोरडं वजन दोन किलोच्या वर गेलं तर गोधडी बाहेर जात नाही. दोन किलोची गोधडी घरगुती मशीनमध्ये मावते, पिळून निघते आणि एका माणसाला दोरीवर टाकता येते. माप, रंग, नक्षी या सगळ्यावर आम्ही तासन् तास बोललो होतो, वजनाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

याच आठवड्यात धानोरीत एका दारातून परत फिरलो. आत बोलावलं, पाणी दिलं, आणि बाईंनी पिशवीत बघून शांतपणे विचारलं, "कोणाच्या साड्या आहेत?" सोसायटीतल्या, धुतलेल्या, म्हटलं. "आम्ही कुणाचे उतरलेले कपडे पांघरत नाही. पेन्शन मिळते आम्हाला." त्यांच्याजागी मी असते तर मीही हेच बोलले असते.

मावशींना सांगितलं तर त्यांना आश्चर्यच वाटलं नाही. गोधडी घरच्याच लुगड्याची असते, परक्या घरचं कापड तान्ह्या बाळाला सुद्धा विचारून घालतात. मग काम उलटं केलं. आधी घरी जायचं, विचारायचं, त्यांच्याच कपाटातलं कापड घ्यायचं आणि ते शिवून परत द्यायचं. आमचं फक्त अस्तर, दोरा आणि हात. ज्यांच्याकडे कापड नाही आणि जे स्वतः म्हणतील त्यांनाच आमच्या ढिगातलं.

यात पंचवीसचा आकडा बसत नाही. काकांनी फळ्यावरून तो पुसून टाकला.

२४ नोव्हेंबर

शिक्षिका ताई निवडणुकीच्या ड्युटीवर, २० तारखेच्या मतदानाआधीचा आणि नंतरचा आठवडा गेला. उरलेल्या जणींनी कापड गोळा करायचं काम केलं. घरोघर बसणं आलं, चहा आला, एका घरी दोन तास सहज जातात. हा वेळ आराखड्यात धरा.

खडकीत १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, हे बऱ्याच पुणेकरांना माहीत नसतं. अशीच इजा झालेले आणि आता स्वतःच्या घरी राहणारे एक माजी नाईक (हा फौजेतला हुद्दा) सुभेदार साहेबांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे टेप घेऊन गेलो. नशीब, आधी गेलो.

त्यांना पलंगावरची गोधडी नकोच होती. दिवसाचे बारा तास चाकाच्या खुर्चीत. पाय गार पडतात, पण कळत नाही, हात लावून बघावं लागतं. त्यांनी स्वतः माप सांगितलं: कमरेपासून घोट्यापर्यंत, दोन्ही बाजूंना मांडीच्या खाली चार बोटं. त्याहून लांब झाली की चाकात जाते. कोपरे गोल हवेत, टोकाला गोंडे-फुलं नकोत. लघवीच्या पिशवीची नळी डाव्या बाजूने जाते, तिथे जाड काठ आला तर नळी दाबली जाते.

आणि अंगाखाली काहीही घालायचं नाही. जिथे संवेदना नाही तिथे गाठ, बटण, जाड शिवण काही टोचलं तरी समजत नाही. त्या एका जागेवर दाब राहून जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. ते हे सगळं हवापाणी सांगावं तसं सांगत होते. मी लिहून घेत होते.

माप निघालं ३६ बाय ४४ इंच, तीन पदर, वजन सातशे ग्रॅमच्या आत. डाव्या कडेला काठ न लावता कापड नुसतं आत दुमडून घ्यायचं.

१ डिसेंबर

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी.

मांडीवरची गोधडी पूर्ण झाली. घडी घालताना मावशींनी विचारलं, "माझी बारकी सुई कुणी घेतली का?" कुणीच घेतली नव्हती. सतरंजी झटकली, पिशव्या उलट्या केल्या, पायाखालच्या फरशा चाचपल्या. सुई नाही.

आमच्यापैकी कुणाला टोचली असती तर 'आई गं' म्हणून काढून टाकली असती. ही जाणार होती त्या नाईकांच्या मांडीवर.

काकांनी घरून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं. गोधडी टेबलावर ताणून धरली आणि चुंबक ओळीओळीने फिरवलं. एकदा सगळं झालं, काही नाही. मावशी म्हणाल्या, उलटी करा. मागच्या बाजूने, कडेपासून वीतभर आत, चुंबक किंचित ओढलं गेलं. बोटाला काहीही लागत नव्हतं. टाका उसवला तर दोन पदरांच्या मध्ये सुई आडवी पडलेली, दोऱ्याचा चार बोटं तुकडा तिच्यात तसाच.

त्या क्षणापासून नियम: सुया डब्यात मोजून ठेवायच्या, नावानिशी द्यायच्या, उठताना मोजून परत घ्यायच्या. आकडा जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे डब्यात आले पाहिजेत. टाचण्या पूर्ण बंद. आणि प्रत्येक गोधडी दोन्ही बाजूंनी चुंबकाखालून गेल्याशिवाय पिशवीत जात नाही. याला दहा मिनिटं लागतात.

८ डिसेंबर

काल सशस्त्र सेना ध्वजदिन होता, त्यामुळे दोन-तीन लोकांनी आम्हाला पैसे देऊ केले. घेतले नाहीत. सैनिकांसाठी रोख द्यायचे असतील तर ते ध्वजदिन निधीत द्या, आम्हाला दोरा द्या, असं सांगितलं. एकांनी खरंच दोऱ्याचा खोका आणून दिला.

काकांचा आजवरचा हिशोब: मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट मीटरला ११० रुपये, एका गोधडीला अडीच मीटर, म्हणजे २७५. दोरा ९०. मावशींचा एका गोधडीमागे साधारण दोन दिवसांचा रोज, १,२००. रिक्षा-पेट्रोल धरून एक गोधडी १,७०० च्या आसपास पडते. मांडीवरची ६०० च्या आत. वाया गेले ते पॉलिस्टरचं भरण आणि मशीनची दुरुस्ती मिळून ३,१००.

फुकटात गोधडी होते असं कुणी सांगितलं तर शिवणारीचा वेळ त्यात धरलेला नसतो.

२२ डिसेंबर

थंडी पडली. हॉलची फरशी गार, गुडघे बोलायला लागले. दोन टेबलं जोडून त्यावर काम सुरू केलं. मावशी अजूनही खालीच बसतात, टेबलावर हात चालत नाही म्हणतात.

सुभेदार साहेबांनी स्वतःचं कापड आणलं. हिरवे जुने शर्ट आणि एक अंगोला, म्हणजे फौजेतला थंडीतला लोकरमिश्र शर्ट. "माझा आहे, मी पांघरणार, त्याला कुणाची परवानगी लागत नाही." खिशाचा तुकडा मधोमध बसवायचा ठरला. बटण काढलं, खिसा सपाट शिवला.

पण अंगोलात लोकर असते हे डोक्यात ठेवायला हवं होतं. सुती कापडाबरोबर गरम पाण्यात धुतल्यावर तेवढाच चौकोन आक्रसला आणि भोवती कापड गोळा झालं. तो काढला, एकटा गरम पाण्यातून दोनदा काढून आटेल तेवढा आटू दिला, मग परत लावला. लोकरीचं काहीही घालणार असाल तर आधीच त्याला पूर्ण आटवून घ्या.

विश्रांतवाडीच्या एका आजोबांनी बायकोच्या दोन इरकली दिल्या. ती तीन वर्षांपूर्वी गेली. पदर कापायचा नाही, एवढीच अट. इरकलीचा पन्हा पंचेचाळीस इंचाचा, आमची गोधडी साठची. पदर अखंड उशाकडच्या बाजूला आडवा लावला, दोन्हीकडे त्याच साडीच्या अंगाच्या पट्ट्या जोडून माप भरलं. जाड काठ मध्ये येऊ न देता कडेला फिरवले, त्यामुळे काठालाच किनार झाली आणि वेगळी पट्टी लागली नाही. ही युक्ती पुढच्या सगळ्या गोधड्यांत वापरली. आजोबा मधूनमधून हॉलमध्ये येऊन बघून जातात. पदर आहे ना, एवढंच विचारतात.

५ जानेवारी २०२५

पट्ट्या लिहायचं काम. मांजरपाटाच्या तुकड्यावर धाग्याने: कापड कुणाचं, शिवण कुणाची, महिना, आणि 'गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा'. पट्टी नेहमी पायाकडच्या कोपऱ्यात, म्हणजे अंधारात चाचपून पाय कुठे ते समजतं. हुद्दा लिहायचा का, हे प्रत्येकाला विचारलं. काहींनी आर्मी नंबर सांगितला, न अडखळता. दोघांनी काहीच लिहू नका म्हटलं.

भागातल्या एका होतकरू पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला. स्टेज, हार आणि फ्लेक्स त्यांचा, गोधड्या आमच्या. काकांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं की हॉल त्या दिवशी हळदीकुंकवाला दिलेला आहे. संक्रांत असल्यामुळे ते खोटंही नव्हतं.

१४ जानेवारी

सगळ्या आज देता आल्या नाहीत. यंदा लष्कर दिनाचं संचलन उद्या खडकीला, पुण्यात पहिल्यांदाच होतं आहे, त्यामुळे खडकीकडचे तिघे तिकडच्याच गडबडीत. त्यांच्याकडे रविवारीच जाऊन आलो. बाकीचे आज, दोन-दोन जणी वाटून, तिळगुळाच्या डब्यासह.

एकूण: पलंगाच्या अकरा, मांडीवरच्या सहा. मांडीवरच्या इतक्या होतील असं वाटलं नव्हतं. नाईकांची बघून त्यांच्या ओळखीतून मागणी आली, त्यात एक लकवा झालेले हवालदार आहेत.

दिघीच्या आजोबांनी नवी, चार पदरी गोधडी हातात घेऊन तोलली आणि झटकली. मग आमच्यासमोर पलंगावर आडवे होऊन, अंगावर घेऊन, एका पायाने बाजूला सारून दाखवली. सुनेने सुटकेचा श्वास सोडला. नाईकांनी आधी कडा तपासल्या, मग चाक पुढे-मागे करून बघितलं. उजव्या बाजूला अजून दोन बोटं कमी करा म्हणाले. तिथेच बसून दुमडून शिवली. सुई मोजून डब्यात ठेवली.

२ फेब्रुवारी

फोन करून विचारणा केली, कारण दिली आणि विसरलो असं चालणार नव्हतं. दोन गोधड्यांचा धावदोरा घडीच्या जागी सुटला, दोन्ही आम्ही नवशिक्यांनी शिवलेल्या. परत आणून दुरुस्त करतो आहोत. एका घरी गोधडी कपाटात ठेवली आहे, खराब होईल म्हणून. त्यांना वापरा म्हणून सांगितलं, बघू. इरकलीच्या आजोबांची एकदा मशीनमध्ये धुऊन झाली, रंग गेला नाही.

उन्हाळ्यासाठी दोन पदरी करून द्याल का, अशी चार घरांतून विचारणा आहे. दोन पदरांना तीन बोटांचं अंतर पुरणार नाही, कापड सरकेल. मावशी मार्चमध्ये जत्रेला गावी जातात, त्याआधी एक करून बघायची. कापड १६ तारखेला हॉलमध्ये भिजवणार. ज्यांना सुई झेपत नाही त्यांनी उसवायला यावं, ते काम भरपूर आहे.